दितलीचा उजवा हात

ते झाड कोणतं, हे मला विचारू नका. एकदा नाव घेतलं आणि तीन वर्षं त्याचे भोग भोगले, तेवढं पुरे झालं. बाकी काय पाहिजे ते विचारा. हगवणीला कुड्याची साल, बाळंतिणीला दूध नसलं तर शतावरी, खुरपं लागलं तर दगडी पाल्याचा रस, सगळं सांगते. दितलीनं ही औषधं कधी लपवली नाहीत, मी कशाला लपवू? फक्त हाडाचं झाड सोडून बोला.

मी भिकुबाई. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुडा जिथून चढायला लागतो तिथं आमचं गाव. घरी कापूस, ज्वारी, दोन बैलजोड्या आणि बोलणारी तोंडं पाच. त्यातलं सगळ्यात मोठं माझं, असं घरचे म्हणतात. म्हणोत.

दितली वरच्या आंबापाड्याची पावरीण, डोंगरातल्या पावरा जमातीतली. आमच्यापासून दोन कोस चढ. दितवारी, म्हणजे रविवारी जन्मली म्हणून दितली. त्यांच्यात नावाचा फार खल कोणी करत नाही. चणीनं ठेंगणी, गळ्यात चांदीची जाड हसळी, ओठात बिडी आणि तोंडात शिव्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, ही बाई कोणाचं तरी डोकं फोडायला निघालीय. पण मोडलेल्या जागेवर तिनं दोन बोटं फिरवली की आतली फट तिला कळायची. माणूस असो, बैल असो, शेळी असो, तिला सगळी हाडं सारखी. चाचपताना डोळे मिटून घ्यायची. कोणी म्हणालं, ‘बाय, जरा डोळे उघडून बघ ना,’ तर म्हणायची, ‘डोळ्याला कातडं दिसतं. तुझं कातडं मोडलंय का?’

कोणी ओरडलं तर म्हणायची, ‘ओरड. पण माझ्या कानापासून लांब ओरड.’ एका पैलवानाला तिनं असं रडवलं होतं की तो पुढं तिला बघून रस्ता बदलायचा. पण त्याचा खांदा जाग्यावर आला होता, हेही तोच सांगायचा. पैसे घ्यायची नाही. सूपभर ज्वारी आणि झाडाला एक नारळ, बस्स.

हा गुण तिला बापाकडून आलेला. त्यांच्यात असं आहे की हाडाच्या झाडाचं नाव एकानं एकालाच सांगायचं, तेही कानात. नाव ओठातून निघालं की गुण सांगणाऱ्याच्या हातातून गेला आणि ऐकणाऱ्याच्या हातात आला. दितलीच्या बापानं तिला नाव सांगितलं त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं हाडाला हात लावला नाही. पुढं त्याचा स्वतःचा बैल पाय मोडून पडला, तरी हा नुसता बांधावर बसून राहिला आणि पोरीला हाका मारत सुटला. दितली तेव्हा अठरा वर्षांची होती. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं तिनं हाडं बांधली, पण नाव कोणाला दिलं नाही. मुलगा जामसिंग मागं लागायचा तर म्हणायची, ‘अजून मनगटात जोर आहे माझ्या. एवढ्यात कशाला हात धुऊन बसू?’

तसं बघितलं तर पाड्यावरच्या निम्म्या लोकांना ते झाड माहीत असणार. रोज त्याच रानात जातात, आंधळे थोडेच आहेत? पण माहीत असणं वेगळं आणि तोंडानं उच्चारणं वेगळं. ते लोक त्या झाडाला ‘ते झाड’ म्हणायचे.

सन तेहतीसच्या पौषात आमची गाडी उलटली. माझे सासरे, निंबा आबा, कापूस घेऊन सरकी काढायला शिरपूरच्या जिनात निघाले होते. ओढ्याच्या उतारावर जू निसटलं आणि चाक आबांच्या नडगीवरून गेलं. घरी आणलं तेव्हा पाय मधेच वळलेला. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, वर धाव घेतली आणि दितलीला घेऊन आले. सासूबाईंना आधी प्रश्न पडला की पावरणीला ओसरीत बसवायचं की अंगणात. आबा आतून ओरडले, ‘माझा पाय चालला इथं आणि तुला ओसरी सुचतेय! तिला माझ्या छातीवर बसव, पण बसव!’

दितली बसली, डोळे मिटून पाय चाचपला आणि म्हणाली, ‘साल कुटायला एक माणूस द्या. तोंड बंद ठेवील असं द्या.’ सगळे एकमेकांकडे बघून हसले. कारण घरात रिकामे हात फक्त माझे होते.

ती त्या संध्याकाळी रानात गेली आणि झाडाला नवतं देऊन आली. नवतं म्हणजे आमंत्रण. बुंध्याशी ज्वारीचे चार दाणे ठेवायचे, ज्याचं हाड मोडलं त्याचं नाव झाडाला सांगायचं, ‘उद्या सकाळी न्यायला येते, तयार राहा’ म्हणायचं आणि मागं न बघता निघायचं. न बोलावता साल काढली तर ती नुसतं लाकूड, असं ती म्हणायची. पहाटे उगवतीकडची वीतभर साल काढून आणली आणि माझ्यापुढं टाकली. मी पहिला घाव घातला आणि वास आला. अगं बाई! हे झाड तर माझ्या माहेरच्या बांधावर होतं. लहानपणी त्याच्याखाली आम्ही भातुकली मांडायचो. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोणास ठाऊक, दितलीनं माझ्याकडं रोखून बघितलं.

‘ओळखलंस?’

मी मान हलवली.

तिनं माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. ‘मग इथंच ऱ्हाऊ दे ते.’

दोन महिन्यांत आबा चालायला लागले. पाय असा सरळ की दोन्ही नडग्या शेजारी ठेवून सांगा म्हटलं तर मोडलेली कोणती ते सांगता येऊ नये.

पुढच्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी आम्ही शिरपूरला गेलो. दितलीही आमच्याबरोबर होती, पाटीत चारोळी आणि डिंक घेऊन. आबांना खोकला होता म्हणून बाजाराआधी सगळेच दवाखान्यात शिरलो. डॉक्टर भला माणूस. आबांची छाती तपासली आणि सहज विचारलं, ‘पूर्वी कधी काही मोडलं-बिडलं होतं का?’ आबांनी धोतर वर करून पाय दाखवला. डॉक्टरांनी नडगीवरून अंगठा फिरवला, परत फिरवला आणि म्हणाले, ‘कोणी बसवलं हे? फारच सुरेख बसवलंय.’ आबांनी दारात उभ्या दितलीकडं बोट केलं. डॉक्टर उठून तिच्यापाशी गेले, आदरानं बोलले आणि विचारलं, ‘बाई, वर काय बांधलं होतं?’

दितली गप्प. आबा गप्प. आमचे घरचे गप्प. मला मात्र असा अभिमान चढला होता, जणू पाय मीच बसवला. एवढा शिकलेला माणूस विचारतोय आणि ही सगळी माणसं दगडासारखी उभी! माझ्या तोंडून फाडकन नाव गेलं. तेही खणखणीत, चार माणसांत.

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. दितलीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडं. पाटी डोक्यावर घेतली आणि बाजार न करता चालायला लागली.

मी मागं धावले. अरुणावती नदीच्या उतारावर गाठलं. माफी मागायची सोडून वाद घालायला लागले, हा माझा स्वभाव. म्हटलं, ‘झाडाचं नाव घेतल्यानं कुठं गुण जातो का? झाड तिथंच आहे, तू इथंच आहेस, तुझा हात तुझ्या खांद्याला आहे. काय गेलं मग?’

ती थांबली. आमच्याशी ती अहिराणीत बोलायची, स्वतःच्या चालीनं. म्हणाली, ‘नवरानं नाव लेस का तू?’

मी कशी घेईन? लग्नाला चौदा वर्षं झाली होती, एकदाही घेतलं नव्हतं. घेतलं तर काय होतं, हे मला कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. पण घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हते.

‘नही ना लेत? मंग मना झाडनं कसं लिधं?’

ती निघून गेली आणि मी तिथंच वाळूत बसले.

त्या दिवसापासून दितलीनं हाडं बांधणं सोडलं. कुडा द्यायची, शतावरी द्यायची, गुरांच्या पोटफुगीवर पाला द्यायची. पण हाड म्हटलं की हात मागं. ‘मना हात रिकामा शे. खाले जा, भिकीकडे. तिनी लई गयी.’ म्हणजे तिच्या हिशेबानं नाव मी घेतलं, म्हणून गुणही मीच घेऊन गेले! आणि लोक खरोखर यायचे हो! झोळीत पोर घेऊन, काठीला हात बांधून, दोन कोस उतरून माझ्या दारात. मी त्यांना हात जोडून शिरपूरला पाठवायचे. काही जायचे. बरेचसे तसेच परत चढायचे, आणि मग त्यांचं हाड जसं जुळेल तसं जुळायचं. एका बाईचा कोपर असा वाकडा राहिला की तिला पुढं डोक्यावर घागर धरता येईना. ती बाजारात दिसली की मी दुसरीकडं बघायचे. मला वाटायचं, दितली मला मुद्दाम छळतेय. एकीकडे चीड यायची आणि दुसरीकडे जेवण जायचं नाही. अशी तीन वर्षं.

सन सदतीसच्या चैत्रात जामसिंग आला. दारात उभा राहिला, पाणी घेतलं नाही.

‘अक्का, मायनी तुमले बलायेल शे.’

मोहाची फुलं वेचून परतताना मुरमाड उतारावर दितलीचा पाय घसरला होता. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. तीन दिवस झाले होते. त्यानं शिरपूरला न्यायची गाडी जुंपली, तर तिनं बैल सोडून दिले. कोणाला जवळ येऊ देईना. म्हणते, गुण जिच्याकडं गेला तिला आणा.

उजवा हात! साल त्या हातानं काढायची, हाड त्या हातानं चाचपायचं, शिव्या देतानाही तोच हात हवेत. तो वाकडा राहिला तर दितली राहिली काय नि नाही राहिली काय. आणि मला येत काय होतं? एकदा साल कुटली होती, आबांचा पाय बांधताना बघितला होता. एवढ्या भांडवलावर कोणाच्या मनगटाशी खेळायचं?

सासूबाई म्हणाल्या, ‘पावऱ्याच्या झोपडीत राहायचं? लोक काय म्हणतील?’ आबांनी तो पाय लांब केला आणि सगळ्यांना दिसेल असा मधोमध ठेवला. आमचे घरचे उठून माझी वळकटी बांधायला लागले.

झोपडीत दितली भिंतीकडं तोंड करून बसली होती. हात मांडीवर. मनगटाजवळ पळीच्या दांड्यासारखा वाकलेला, वर सूज, बोटं फुगलेली. मी म्हटलं, ‘बाय, मी बांधते. पण कसं ते तू सांग.’

‘मनं नही ते आते. मी कशी सांगू?’

‘आता तुझं नाही म्हणजे? हात तुझा, हाड तुझं, विद्या तुझी, आणि तू सांगणार नाहीस?’

माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘तीन वर्षं माझ्या दारात लंगडे-थोटे पाठवलेस! त्या बाईचा कोपर वाकडा राहिला तो माझ्या जिभेनं जेवढा राहिला तेवढाच तुझ्या हट्टानं राहिला. चुकले मी. शंभर वेळा चुकले. नाव घ्यायला नको होतं. पण आता मी बांधणार, आणि चुकलं तर तुझ्या डाव्या हातानं माझा गळा दाब!’

चुकले हा शब्द तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघाला होता. तिनं मान वळवली नाही. पण तो हात मांडीवरून उचलून माझ्या बाजूला ठेवला.

संध्याकाळी मी झाडापाशी गेले. ज्वारीचे चार दाणे ठेवले. म्हटलं, ‘दितलीचा हात मोडलाय. उजवा. उद्या येते. आणि माझ्यावर राग असला तर तो नंतर काढ.’ मागं न बघता परत आले. पहाटे साल आणली, पाट्यावर कुटली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. जामसिंगला म्हटलं, कोपर धर, आणि आई कितीही ओरडली तरी सोडू नकोस.

मी डोळे मिटले. डोळे मिटल्याबरोबर सूज नाहीशी झाली असं वाटलं, नुसती बोटं आणि खालचं हाड. एक टोक वर चढलेलं लागलं. तिचा पंजा धरून ओढायला लागले. दितली तोंडानं काही सांगत नव्हती, पण नाकानं सांगत होती. मी कमी ओढलं की ‘हुं’. भलतीकडं वळवलं की जोरात ‘हुंऽ’. मी मनात म्हटलं, म्हातारे, हे तुझ्या नियमात बसतं होय? पण मानलं तिला. तिच्या नाकाच्या हिशेबानं ओढत राहिले, मग अंगठ्यानं चढलेलं टोक खाली दाबलं आणि आत कट् झालं. दितलीनं मोठा श्वास सोडला. ती ओरडली नव्हती. जामसिंगच रडत होता.

सालीचा लगदा पळसाच्या पानावर थापून गुंडाळला, वर आमच्या शेतातला कापूस, त्यावर बांबूच्या कामट्या, आणि सुतळी आवळली. दुसऱ्या दिवशी बघते तर तिची नखं निळी. जीव उडाला माझा! फार आवळलं होतं. लगेच सगळं सोडलं, पुन्हा सैल बांधलं, आणि नखं गुलाबी होईपर्यंत तिच्या बोटांकडं बघत बसले. ती डाव्या हातानं भाकरी खात होती आणि कोंबड्यांना शिव्या देत होती. त्यातल्या निम्म्या माझ्यासाठी होत्या, एवढं मला कळत होतं.

त्यानंतर दर आठव्या दिवशी मी दोन कोस चढून जायचे. जुनं सोडायचं, नवा लगदा बांधायचा, उतरायचं. ऊन असं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. दितली माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. मी मात्र बोलायचे. गावातलं, घरातलं, बैलांचं, सासूबाईंचं, येईल ते. ती ऐकत नाहीये असं दाखवायची, पण एकदा सासूबाईंची गोष्ट सांगताना तिचे खांदे हलताना मी बघितले.

चाळिसाव्या दिवशी कामट्या सोडल्या. पाड्यावरची सगळी माणसं झोपडीपुढं जमली होती, जसं काही लग्नच आहे. आतून हात निघाला तो पांढुरका, काठीसारखा वाळलेला. मी डोळे मिटून मनगटावरून बोट फिरवलं. सरळ. कुठं चढ नाही, उतार नाही. माझा जीव भांड्यात पडला.

‘मूठ मिटव, बाय.’

बोटं हलली नाहीत. तिनं जोर लावला, कपाळावर घाम आला, पण बोटं तशीच ताठ. हाड सरळ बसवलं आणि हात मारून टाकला की काय मी? मोहाचं तेल कोमट करून आणायला सांगितलं आणि तो हात मांडीवर घेऊन चोळायला बसले. मनगट, तळवा, मग एकेक बोट. उन्हं झोपडीच्या या बाजूवरून त्या बाजूला गेली. लोक एकेक करत घरी गेले. आपण काय केलं, काय करून बसलो, असं माझ्या मनात चाललं होतं आणि डोळ्यांतलं पाणी त्या तेलात पडत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. एकेक करत सगळी आत वळली आणि दितलीनं मूठ मिटली. उघडली. परत मिटली. मनगट इकडं वळवलं, तिकडं वळवलं. डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मी म्हटलं, ‘दुखतं का गं?’

तिनं हात मागं नेला आणि फाडकन माझ्या थोबाडीत दिली.

असा आवाज झाला की बाहेर कोंबड्या उडाल्या. मी आडवीच झाले. जामसिंग धावत आत आला आणि आईचा हात धरायला गेला.

‘सोड तिले,’ मी पडल्या पडल्या ओरडले, ‘सोड रे, मारू दे!’

दितली माझ्याकडं बघत होती. चाळीस दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

‘नाव लिधं ना, तेनी व्हती ती.’

आणि मग तिचा चेहरा असा फाटला की हसतेय की रडतेय ते कळेना. तिनं त्याच हातानं मला उठवून बसवलं. मी रडत होते, हसत होते, गाल भाजत होता. गाल जामसिंगपुढं केला आणि म्हटलं, ‘बघ रे, किती बोटं उठलीत?’

तो वाकला, नीट बघितलं आणि म्हणाला, ‘पाचही, अक्का. बठ्ठीच्या बठ्ठी सरळ.’